शेजारचा ब्रेक

बाजारामागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये एखादा परका माणूस पाच मिनिटं उभा राहिला, तर त्याला वाटेल की या गावच्या लोकांचा एखादा स्क्रू ढिला आहे. गाडी मागे घेताना जो तो एकटाच मोठ्यानं बोलत असतो. "मागे एक खांब. दोन बायका, गप्पा मारतायत. एक कुत्रं, बसलेलं. कुत्रं उठलं." दाताचे डॉक्टर बोलतात, शाळेचे मुख्याध्यापक बोलतात, परवाच लायसन्स मिळालेली कॉलेजातली मुलगीही बोलते. कुणी कुणाला हसत नाही, कारण हसणाऱ्यालाही थोड्या वेळानं गाडी मागे घ्यायचीच असते.

ही सगळी मंडळी एकाच हाताखाली शिकलेली. ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर बाईंचं खरं नाव आहे, पण ते पाटीवरच राहिलं. गाव त्यांना मागेबाई म्हणतं. विद्यार्थ्यानं रिव्हर्स गिअर टाकला की शेजारच्या सीटवरून प्रश्न येणार, "मागे काय?" मग विद्यार्थ्यानं मान वळवून जे जे दिसेल ते सगळं सांगायचं, आणि ते सांगून होईपर्यंत गाडी बोटभरही हलवायची नाही. काही राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून. "भिंत सांगितलीत. भिंतीवर बसलेली मांजर कोण सांगणार, मी?" लायसन्स ऑफिसातले साहेब एकदा चारचौघांत म्हणाले होते की अशी शिस्त त्यांनी दुसऱ्या कुठल्याही स्कूलमध्ये पाहिली नाही. बाईंनी ते कौतुक निमूटपणे ऐकून घेतलं. खरं काय होतं ते सांगायची ती वेळ नव्हती.

खरं असं होतं, की शिस्तबिस्त काही नव्हती. अकरा वर्षांपूर्वी बाईंच्या मानेतली गादी सरकली होती. पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधली. हातातून खांद्यापासून अंगठ्यापर्यंत अशी कळ जायची की गिअरच्या दांड्याला हात लावायची भीती वाटायची. शेवटी ऑपरेशन झालं. खराब गादी काढली, तिथे हाडाचा तुकडा बसवला, वर पट्टी आणि स्क्रू लावून दोन मणक्यांचा एक केला. हातातली कळ जणू कधी नव्हतीच अशी गेली. पण मान काही पूर्वीची राहिली नाही. मागे वळून पाहिलं की नजर मागच्या दाराच्या कडीपर्यंत जायची आणि तिथेच थांबायची. मागची काच तिच्यापलीकडे.

रजेनंतरच्या पहिल्याच दिवशी एक धिप्पाड गायनमास्तर शिकायला आले. त्यांनी रिव्हर्स टाकला, बाई सवयीनं मागे वळल्या आणि मान मध्येच अडली. गाडी तर निघालेली. बाईंच्या तोंडातून हुकूम बाहेर पडला, "मागे काय?" मास्तर दचकले, त्यांनी गाडी थांबवली, वळून पाहिलं आणि वर्गात उभं केलेल्या पोरासारखं सांगितलं, "मागे भिंत आहे मॅडम. आणि एक बादली." त्या बादलीनं बाईंचं स्कूल वाचवलं आणि गावाला एक सवय लागली. गुपित फक्त घरातल्या दोघांना ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सासूबाई म्हणायच्या.

आता घरातल्या त्या दोघांविषयी. एक सासूबाई, वय एकाहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या, त्यामुळे कान तीक्ष्ण आणि आवाज खणखणीत. दुसरा बाईंचा नवरा, चौकात चष्म्याचं दुकान चालवणारा, म्हणून चष्मेवाला. त्याला अहोजाहो करावी इतकी गाडी त्यानं आयुष्यात चालवलेली नाही, म्हणून इथे करत नाही.

चष्मेवाला हा बाईंचा चौथा विद्यार्थी आणि पहिला नापास. टेस्टच्या दिवशी त्यानं लायसन्स ऑफिसच्या आवारातल्या सात कुंड्या एका फटक्यात आडव्या केल्या आणि खाली उतरून म्हणाला की क्लच घट्ट आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पुढे तो तीन महिने पुन्हा शिकायला येत राहिला. गाडी येईना, पण बाईंशी बोलणं मात्र चांगलं जमलं. लग्न झालं आणि त्यानं स्टिअरिंगला कायमचा नमस्कार केला. "एका घरात दोन ड्रायव्हर असले की भांडणं होतात," असं तो बावीस वर्षं सांगत आला.

थोडक्यात, दिव्याखाली अंधार. सबंध गावाला गाडी शिकवणाऱ्या बाईंच्या घरात गाडी चालवणाऱ्या एकट्या बाईच. सकाळी नवऱ्याला दुकानात सोडायचं. मग वर्ग. मधल्या सुट्टीत काचांची खोकी आणायची. मग वर्ग. सासूबाईंना मैत्रिणींकडे पत्ते खेळायला न्यायचं, हरल्या तर लवकर आणायचं. पाहुणा यायचा असला की स्टेशनवर बाई, जायचा असला की स्टेशनवर बाई. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. विचारलं की त्या हो म्हणायच्या, आणि हो म्हणायच्या म्हणून सगळे विचारायचे.

यंदा हिवाळ्यात बाईंच्या डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. ब्लाउजची हुकं लावायला वेळ लागू लागला. बाईंनी थंडीला दोष दिला. थंडी संपली, मुंग्या राहिल्या, तेव्हा वयाला दोष दिला. पाय मधूनच जड वाटायचा, चपलेला चिखल चिकटावा तसा, त्याला मात्र दोष द्यायला काही सापडेना, म्हणून त्याकडे लक्षच दिलं नाही.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटलाही स्वतःचा ब्रेक असतो. दोन्ही ब्रेक खालून एकमेकांना जोडलेले, एक दाबला की दुसराही खाली जातो. चोवीस वर्षांत बाईंच्या पायानं तो ब्रेक कधी चुकवला नव्हता. बाई बोलत असायच्या, हसत असायच्या, रागावत असायच्या, पाय आपलं काम आपण करायचा.

त्या दिवशी स्टिअरिंगवर नृत्याचा क्लास घेणाऱ्या बाई होत्या. त्या मागचं सगळं तालात सांगायच्या, गाडी सरकू लागली तरी. "मागे एक झाड, मागे एक बाक, मागे एक सायकल येतेय." सांगण्यात इतक्या रंगल्या की ब्रेक दाबायचा राहिला. मागेबाईंनी दाबला. म्हणजे दाबायचं ठरवलं, आणि पाय पोचला अर्धा क्षण उशिरा. मागून कर्र असा आवाज आला. सायकलवर पोस्टमन होता. त्याला खरचटलंही नाही, सायकलचं चाक मात्र वाकलं. तो कपडे झटकत उठला आणि उलट बाईंचीच समजूत घालू लागला, "मॅडम, चूक माझी. तुमच्याकडे शिकलो, आणि सायकलवर बसलो की इकडेतिकडे बघायचं विसरतो." नृत्याच्या बाई रडायला लागल्या. मागेबाईंनी दोघांना चहा पाजला, चाक दुरुस्तीला दिलं, घरी आल्या आणि चपला न काढता खुर्चीत बसल्या.

"पाय उशिरा पोचला," त्या म्हणाल्या.

मानेचे डॉक्टर तरुण होते आणि त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचा पाठीचा कणा होता. तिघंही केबिनमध्ये बसली. डॉक्टरांनी नवे फोटो लावले आणि पेन्सिलीनं दाखवलं. "इथे जुनं ऑपरेशन. हे दोन मणके छान जुळलेत, त्यांची काही तक्रार नाही. पण हा सांधा आता हलत नाही ना? मान तर रोज हलवायला लागते. मग त्याच्या वाटणीचं वाकणं वरच्या आणि खालच्या गाद्यांवर पडतं. अकरा वर्षं त्या दुहेरी काम करतायत. वय असतंच, त्यात हे. वरची जरा झिजलीय. खालची पार बसलीय आणि मज्जारज्जूवर दाब देतेय. बोटांना मुंग्या त्यामुळे, पाय जड तोही त्यामुळेच."

"म्हणजे आधीचं ऑपरेशन चुकलं?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"नाही हो. ते उत्तम झालं. सगळ्यांना पुढे असं होतं असंही नाही. काहींना होतं."

सासूबाई इतका वेळ त्या प्लॅस्टिकच्या कण्याकडे रोखून पाहत होत्या. "म्हणजे आमच्या घरासारखंच," त्या म्हणाल्या. "एक जण अडून बसला की शेजारच्यानं त्याच्या वाटणीचं वाकायचं. वाकून वाकून झिजतो कोण, तर तो शेजारचा. अडून बसलेल्याची तब्येत एकदम छान."

डॉक्टर हसले. चष्मेवाला हसला नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

बाईंचं लक्ष या सगळ्यात नव्हतं. "ऑपरेशनचं काही नाही, करून टाका," त्या म्हणाल्या. "पाय पहिल्यासारखा होईल का ते सांगा."

"दाब निघाला की बहुतेकांचा पाय सुधारतो. तुम्ही वेळेवर आलात. पण किती सुधारेल याचं वचन मी देणार नाही. मान मात्र आतापेक्षा थोडी अजून कमी वळेल."

"मानेचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "मान नसली तरी चालतं, ते मी अकरा वर्षं बघितलंय."

घरी आल्यावर त्यांनी गाडीवर कव्हर घातलं आणि स्कूलच्या दारावर कागद चिकटवला, "वर्ग काही दिवस बंद." किती दिवस ते लिहिलं नाही, कारण माहीत नव्हतं. बाईंना खरंच भीती वाटत होती. मरणाची नाही, दुखण्याची तर मुळीच नाही. शेजारच्या त्या सीटवर बसल्यावर परक्या माणसाचा जीव आपल्या एका पायावर असतो, आणि त्याच हिमतीवर तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा क्लच सोडतो. तो पायच भरवशाचा नसेल तर तिथे बसायचा आपल्याला हक्क नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आणि तिथे बसायचं नाही तर मग कुठे बसायचं, हे त्यांना काही केल्या सुचत नव्हतं.

कागद लागला त्याच संध्याकाळी बेकरीवाला घरी आला. हा बाईंचा जुना विद्यार्थी, आता त्याची बंद डब्याची पावाची गाडी पहाटेपासून गावभर फिरते. हातात पावांची पिशवी. बाईंना वाटलं, आता सांगूनच टाकावं. आपण अकरा वर्षं लोकांना फसवलं, हे ओझं नको.

"मागे काय, मागे काय म्हणून मी तुमच्याकडून जे वदवून घ्यायचे ना," त्या म्हणाल्या, "ती काही पद्धत नव्हती. मला मागचं दिसायचंच नाही. मान वळत नव्हती."

बेकरीवाल्यानं सासूबाईंकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मॅडम, ते माहितीये."

"कुणाला?"

"सगळ्यांना. मला दुसऱ्याच दिवशी कळलं. कपाट फिरवावं तशा अख्ख्या वळता तुम्ही, आम्हाला काय दिसत नव्हतं? माझ्या आधीच्यानं मला सांगितलं, मी माझ्या नंतरच्याला. बाईंना मागचं दिसत नाही, नीट सांगत जा, काही गाळू नका."

"मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?"

"तुम्ही इतक्या रुबाबात विचारायचात," बेकरीवाला म्हणाला, "आमची काय टाप होती?"

बाईंना आधी लाज वाटली, मग हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. सव्वा लाखाची मूठ अकरा वर्षं उघडीच होती आणि आपण एकट्याच ती आवळून बसलो होतो. त्या इतक्या हसल्या की मान दुखली, आणि सासूबाईंनी पिशवीतले पाव काढून सगळ्यांना लोणी लावून दिले.

ऑपरेशन नीट पार पडलं. खालची गादी काढली, तिथला सांधाही जुळवला, दाब गेला. चौथ्या दिवशी बोटांतल्या मुंग्या ओसरू लागल्या. पायाचं मात्र लगेच काही कळेना. गळ्यात पट्टा घालून बाई टॅक्सीनं घरी आल्या आणि खुर्चीत बसता आलं त्या क्षणापासून पायाच्या मागे लागल्या.

त्यासाठी सासूबाईंनी एक युक्ती काढली. नणंदेच्या मुलाचं एक जुनं रबरी बदक घरात पडलं होतं, दाबलं की चीं करणारं. ते त्यांनी जेवणाच्या टेबलाखाली, बाईंच्या उजव्या पायापुढे चिकटपट्टीनं जमिनीला चिकटवलं. सासूबाई कधीही ओरडणार, "ब्रेक!" आणि बाईंनी बदक दाबायचं. घास तोंडात असो, चहा हातात असो, सवलत नाही. तीस वर्षं टेलिफोनच्या रिंगा ऐकलेले कान ते, हुकूम आणि चीं यांच्यामधलं अंतर त्यांना बरोबर कळायचं.

"उशीर."

"आई, मी पाणी पीत होते."

"सायकलवाल्याला सांग तसं. ब्रेक!"

चीं.

"उशीर. पण कालच्यापेक्षा कमी."

शेजारी विचारू लागले की घरात बदक पाळलंय का. बाई रोज डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करत, संध्याकाळी चालत, आणि दिवसभर बदक दाबत. पहिला महिना सगळा उशिराचाच गेला. दुसऱ्या महिन्यात एखादं "बरं" मिळू लागलं. सासूबाई कौतुकाच्या बाबतीत फार हात आखडता घेतात, त्यामुळे त्या "बरं"वर बाई दोन दिवस खुशीत असत.

याच दिवसांत चष्मेवाल्याला पहाटे फिरायला जायचं वेड लागलं. ज्या माणसाला उठवायला दोन घड्याळं लागायची, तो साडेपाचला बूट घालून बाहेर. परत यायचा तेव्हा घामेजलेला असायचा, आणि अंगाला ताज्या पावाचा वास. एकदा पँटच्या मांडीवर पिठाचा पांढरा पंजा उमटलेला होता. बाईंनी विचारलं, तर म्हणाला, बेकरीसमोर पाय घसरला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे तरी किती.

बाईंना खरं कळलं ते टॅक्सीत. तपासणीला जाताना दोघं मागे बसली होती. भित्रा माणूस गाडीत बसला की उजवा पाय दाबतो, ब्रेक मारल्यासारखा. जगभरचे भित्रे तेच करतात, चष्मेवालाही बावीस वर्षं तेच करत आला होता. पण त्या दिवशी टॅक्सीवाल्यानं गिअर बदलायला हात खाली नेला आणि चष्मेवाल्याचा डावा पाय हळूच खाली गेला. गिअर पडला, डावा पाय सावकाश वर आला, क्लच सोडावा तसा. बाईंनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं, म्हणजे पट्ट्यामुळे सगळ्याच फिरल्या, आणि हसू दाबलं. घरात गुरू बसलेला असताना हा माणूस बेकरीवाल्याकडे शिकतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांना राग यायला हवा होता. पण पन्नाशीकडे झुकलेला आपला नवरा, ज्याला सात कुंड्यांनी जन्मभराची धडकी भरवली होती, तो आपल्यासाठी अंधारात उठून पावाच्या गाडीत बसतोय, हे कळल्यावर त्यांना त्याची इतकी माया वाटली की त्यांनी त्याचा हात धरला. त्याला वाटलं, मान दुखतेय.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी फोटो पाहिले, पाय तपासला, टाचेवर चालवलं, बोटांवर चालवलं. "सांधा जुळतोय. पायात ताकद चांगली आलीय. गाडी चालवा, शिकवा, माझी हरकत नाही."

बाईंनी मान हलवली नाही, कारण ती आता फारशी हलतच नव्हती. घरी येऊन त्यांनी गाडीवरचं कव्हर काढलं, शेजारच्या सीटवर बसल्या, ब्रेकवर पाय ठेवला आणि अर्धा तास तशाच बसून राहिल्या. बदक ते बदक. इथे माणूस असतो. नृत्याच्या बाई रोज फोन करत होत्या, त्यांना बाई काय सांगणार? दुसऱ्याच्या लेकीसुनेला कुठल्या तोंडानं स्टिअरिंगवर बसवणार?

संध्याकाळी जेवताना त्यांनी ते बोलून दाखवलं. "कुणावर तरी करून बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि करून बघायचं तर कुणावर? दुसऱ्याचं लेकरू आहे ते."

चष्मेवाल्यानं खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. शिकाऊ लायसन्स. त्यावर त्याचाच फोटो, घाबरलेला.

"मी आहे ना मॅडम," तो म्हणाला. "मी काही कुणाचं लेकरू नाही."

"माझं आहेस," सासूबाई म्हणाल्या. "मी मागे बसणार."

"मला वाटलं तुला धक्का बसेल," चष्मेवाला बायकोला म्हणाला.

"तुमचा डावा पाय दीड महिना टॅक्सीत क्लच मारतोय," बाई म्हणाल्या. "मला धक्का बसायचा तो तेव्हाच बसला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं बाजारामागच्या पार्किंगमध्ये आली. चष्मेवाल्यानं सीट पुढे घेतली, आरसा लावला, चष्मा पुसला. पट्टा लावला. पुन्हा चष्मा पुसला. गाडी सुरू झाली, तिनं गचके दिले नाहीत, बंद पडली नाही. दोन फेऱ्या झाल्या. बाई शेजारी ताठ बसलेल्या, उजवा पाय ब्रेकच्या पॅडलवर नुसता टेकवलेला. मागच्या सीटवर सासूबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि कधी नव्हे त्या गप्प होत्या.

"आता मागे घ्या," बाई म्हणाल्या. त्यानं रिव्हर्स टाकला. "मागे काय?"

"पाव," चष्मेवाला म्हणाला.

सासूबाईंनी पर्सवरून मान वर केली.

"म्हणजे," तो कसनुसा झाला, "त्या गाडीला मागे काच नाही ना. वळून बघितलं की नुसते पाव दिसायचे. बेकरीवाला रोज विचारायचा मागे काय, आणि मी म्हणायचो पाव. तोंडात बसलंय."

सासूबाईंना हसू आवरेना. "एकाहत्तर वर्षांत मला कुणी पाव म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. बाईही हसल्या, पण पाय पॅडलवरून हलू दिला नाही. "पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "काच आहे इथे. नीट बघा."

तो वळला. पूर्ण वळला, कमरेपासून, जसं बाईंनी त्याला चोवीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. "मागे आई. आईमागे काच. काचेमागे एक खांब, एक निळी गाडी उभी. रस्ता मोकळा."

"घ्या."

गाडी हळूहळू मागे सरकू लागली. तो बोलत होता. "खांब लांब आहे. निळी गाडी उभीच आहे. मागे काही नाही, काही नाही, मागे..."

बाजाराच्या उताराच्या तोंडाशी कुणाची तरी सामानाची ट्रॉली हातातून सुटली होती. ती निळ्या गाडीच्या आडून खडखडत बाहेर आली आणि तिच्यामागे टोपी सांभाळत एक म्हातारा धावत आला, थेट गाडीच्या मागे. बाईंना यातलं काहीच दिसलं नाही. त्यांना फक्त नवऱ्याच्या आवाजात मध्येच पडलेली जागा ऐकू आली, आणि त्यांच्या मनानं काही ठरवायच्या आधी पाय खाली गेला.

गाडी जागच्या जागी थांबली.

चष्मेवाल्यानं आपला ब्रेक आधी दाबला असता तर बाईंच्या पायाखालचं पॅडल निसटून गेलं असतं. त्यानं दाबलाच नसता तर सगळा भार त्यांना एकटीला द्यावा लागला असता. दोन्ही झालं नाही. पॅडल त्यांच्या तळव्याखालून त्यांच्याबरोबरच खाली गेलं, जणू खालून कुणी हात धरून नेलं. गाडीमागून ट्रॉली खडखडत निघून गेली, मग म्हातारा गेला. जाता जाता त्यानं हात जोडले आणि काचेतून ओरडला, "माफ करा मॅडम, मागे बघितलंच नाही." तोही जुना विद्यार्थीच निघाला.

बाईंनी सबंध अंग वळवून मागे पाहिलं. जन्मात कुठल्या परीक्षेच्या निकालाची त्यांनी इतकी वाट पाहिली नव्हती.

"आई," त्यांनी विचारलं, "उशीर?"

सासूबाईंनी डोळे मिटले होते, एक्स्चेंजमध्ये गोंगाटातून एखादा बारीक आवाज पकडताना मिटत तसे. "उशीर नाही," त्या म्हणाल्या. "पण कुणी लावला ते काही कळलं नाही. दोघांचा एकदमच लागला."

बाई हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही. त्यांच्या बाजूला चष्मेवाले दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, कपाळ घामानं थबथबलेलं. हो, चष्मेवाले. इथून पुढे त्यांना अहोजाहो करायला हवी, ती त्यांनी मिळवलीय. बाईंनी त्यांचा चष्मा बोटानं वर सारला.

"आई, नृत्याच्या बाईंना फोन लावा," बाई म्हणाल्या. "सांगा, उद्या सकाळी सात वाजता. आणि म्हणावं, सांगताना ब्रेक विसरायचा नाही."

सासूबाईंनी पर्समधून फोन काढला. नंबर त्यांना पाठ होता, गावातले सगळेच नंबर त्यांना पाठ आहेत.

"आणि माझं काय?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तुमचं अजून मागे घेणं संपलेलं नाही. मागे काय?"

चष्मेवाले वळले आणि या वेळी त्यांनी घाई केली नाही. "मागे आई, फोनवर," ते म्हणाले. "मागे खांब. निळी गाडी, तिच्या आडून आता कुणी येत नाहीये, मी थांबून बघितलं. म्हातारेबुवांना ट्रॉली सापडली. रस्ता मोकळा."

बाई वळल्या नाहीत. त्यांनी समोरच्या काचेतून सरळ पुढे पाहिलं, पाय ब्रेकवर हलकाच टेकवला आणि म्हणाल्या, "घ्या मग."